मुंबई ते लंडन : अंतर एक, अवधी अनेक

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधील अंतर किती, असे कोणी विचारले तर सुमारे ७,२०० किलोमीटर हे उत्तर निःशंकपणे देता येते. परंतु तेच अंतर तोडण्यास वेळ किती लागतो, असा प्रश्न केला की उत्तर देणाऱ्याला आधी उलट विचारावे लागते, की कोणत्या शतकात, कोणत्या वाहनाने, कोणत्या ऋतूत, कोणत्या दिशेने आणि वाटेवरील राष्ट्रांचे आपसांतील संबंध कसे असताना. अंतर हे पृथ्वीच्या आकाराने ठरवून दिलेले असून मनुष्याच्या साऱ्या लेखी इतिहासात त्यात गणना करण्याजोगा फरक पडलेला नाही. अवधी मात्र कित्येक महिन्यांपासून नऊ-दहा तासांपर्यंत आक्रसत आला आहे. हा संकोच केवळ यंत्रविद्येच्या पराक्रमाने घडून आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. विमानाच्या तिकिटावर छापलेल्या वेळेत भूमिती, वारा, यंत्र आणि राष्ट्राराष्ट्रांतील करारमदार या चौघांचा वाटा असतो, आणि त्यांपैकी शेवटच्या वाटेकऱ्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते.

समुद्रमार्गाचे दिवस

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राघोबादादांनी आपली कैफियत इंग्लंडच्या दरबारी मांडण्याकरिता हणमंतराव नावाचे वकील लंडनला धाडले होते. १७८१ साली ते तेथे असताना एडमंड बर्क या थोर संसदपटूने त्यांची आस्थेने विचारपूस करून त्यांच्या राहण्याची तजवीज केली, असा दाखला आहे. त्या काळी मुंबईहून विलायतेस जावयाचे म्हणजे शिडाच्या गलबतातून आफ्रिका खंडाला संपूर्ण वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून, सुमारे १९,८०० किलोमीटरांचा सागर ओलांडावयाचा, आणि तोही वाऱ्याच्या मर्जीने. अनुकूल वारा मिळाल्यास चार-पाच महिने आणि न मिळाल्यास सहा महिन्यांहून अधिक काळ सहज जाई. पुणे दरबारातील एखादी मसलत लंडनला कळून तिचे उत्तर परत येईपर्यंत मूळ प्रसंगच पालटून गेलेला असे, आणि म्हणून कंपनी सरकारचे येथील अधिकारी कित्येकदा वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता युद्धे आणि तह परस्पर उरकून टाकीत, याचे एक कारण या प्रदीर्घ अंतरातच दडलेले होते.

हा काळ कमी करण्याचा एक आरंभीचा मोठा प्रयत्न मुंबईतूनच झाला, ही गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवावी. येथील गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि कोळसा घेण्यासाठी वाटेत मुक्काम करीत सुमारे बत्तीस दिवसांनी सुएझला पोहोचली. तांबड्या समुद्रातून वाफेच्या बळावर टपाल नेता येते हे या सफरीने सिद्ध केले. पुढे सुएझपासून भूमध्य समुद्रापर्यंतचा टापू उंटांवरून व गाड्यांतून ओलांडावयाचा आणि पलीकडे दुसरी बोट धरावयाची, अशी वहिवाट पडली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला, तेव्हा हा खुष्कीचा तुकडाही गळला आणि मुंबई-लंडन सागरी मार्ग १९,८०० किलोमीटरांवरून सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आला. येथे एक बारकावा ध्यानी घेण्याजोगा आहे : आगबोटीने वेग वाढविला, परंतु कालव्याने वाटच तोडली. प्रवासाचा अवधी कमी करण्याचे हे दोन निरनिराळे उपाय आहेत आणि आकाशमार्गाच्या इतिहासातही ते दोन्ही पुन्हा भेटतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत हा प्रवास दोन आठवड्यांवर येऊन स्थिरावला होता. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी १९३० च्या ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने मुंबईहून निघाले. दुसऱ्या परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी ‘राजपुताना’ बोटीत चढले, मार्सेय बंदरी उतरून फ्रान्समधून आगगाडीने गेले आणि १२ सप्टेंबरला लंडनमध्ये दाखल झाले. चौदा दिवसांचा तो प्रवास त्या काळी शीघ्र मानला जात असे. बोटीवर मसुदे तयार होत, सहप्रवाशांशी चर्चा झडत आणि किनाऱ्याला लागेपर्यंत मनुष्य नव्या हवामानाला, नव्या अन्नाला आणि नव्या घड्याळाला थोडाथोडा सरावत जाई. आजच्या प्रवाशाला ती सवलत उरलेली नाही.

जवळची वाट कोणती?

आकाशात कालवा खणावा लागत नाही, डोंगर आडवे येत नाहीत, तेव्हा विमानाने सरळ रेषेत जावे, असे कोणालाही वाटेल. परंतु गोल पृथ्वीवर सरळ रेषा म्हणजे काय, हे आधी ठरविले पाहिजे. शाळेच्या भिंतीवरील सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन पट्टीने जोडले तर ती रेषा अरबस्तान व भूमध्य समुद्र यांच्या बाजूने जाते. उलट पृथ्वीचा गोल घेऊन त्यावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे फुगून निराळ्याच मुलखावरून जातो, आणि हा दोरा जेथून जाईल तीच पृथ्वीच्या पाठीवरची सर्वांत जवळची वाट होय. ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी एकरूप असतो त्याला महावर्तुळ म्हणतात, आणि ही जवळची वाट नेहमी अशा महावर्तुळाचाच एक कंस असते.

सपाट नकाशाने ही फसगत का करावी, याचे उत्तर १५६९ साली प्रसिद्ध झालेल्या मर्केटरच्या नकाशात सापडते. खलाशाला होकायंत्राचा एकच कोन धरून जहाज हाकता यावे, या हेतूने त्याने तो रचला, आणि त्या हेतूपुरता तो निर्दोष आहे. मात्र मुंबईहून होकायंत्राचा एकच कोन कायम ठेवून लंडन गाठावयाचे म्हटले तर सुमारे ७,४०० किलोमीटर चालावे लागते. महावर्तुळाने गेल्यास सुमारे ७,२००. म्हणजे नकाशावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात दोनशे किलोमीटरांनी लांब आणि वाकडी दिसणारी वाट तेवढ्याने जवळ.

या महावर्तुळाचा मागोवा घेण्याजोगा आहे. मुंबईहून वायव्येस निघालेली ही रेषा सौराष्ट्रावरून सिंधमध्ये शिरते, बलुचिस्तान ओलांडून पूर्व इराणच्या वाळवंटात येते, तेथून इराण देश तिरका कापीत कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला जाते, आणि तिचा बरोबर मध्यबिंदू आर्मेनिया व जॉर्जिया यांच्या सरहद्दीजवळ पडतो. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, पश्चिम युक्रेन, मग मध्य युरोप आणि शेवटी इंग्लंड. वायव्य दिशा धरून निघालेली ही रेषा वाटेत हळूहळू डावीकडे वळत लंडनला पोहोचते ती जवळजवळ नेमक्या पश्चिम दिशेने. म्हणजेच लंडनहून मुंबईस यावयाचे असेल तर, मुंबई कितीतरी दक्षिणेला असूनही, प्रथम सरळ पूर्वेकडे तोंड करावे लागते. गोल पृथ्वीची भूमिती आपल्या सपाट सवयींना असा धक्का देते. परंतु भूमितीने दाखविलेल्या या वाटेने आजचे विमान तंतोतंत जात नाही. का जात नाही, ते पुढे पाहावयाचे आहे.

आकाशमार्गाची उभारणी

लंडन आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये नियमित हवाई टपाल सुरू झाले ते ३० मार्च १९२९ रोजी. ‘इंपीरियल एअरवेज’ची ही सेवा लंडनच्या क्रॉयडन तळावरून निघून सातव्या दिवशी कराचीला पोहोचे. तिचा मार्ग पाहिला की आकाशातील अडथळे डोंगरांपेक्षा दप्तरांतून अधिक उभे राहतात, हे कळून येते. लंडनहून बाझेलपर्यंत विमान. बाझेलहून जिनोआपर्यंत आगगाडी. तेथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया. आणि त्यापुढे पुन्हा जमिनीवरचे विमान, असा तो तुकड्यातुकड्यांचा प्रवास होता. इराणी आखाताच्या उत्तर किनाऱ्यावरून जाण्याची इराण सरकारने दिलेली मुभा संपताच, १९३२ साली या कंपनीला आपला सारा मार्ग आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर हलवावा लागला, आणि त्यापायी शारजाच्या वाळूत विमानांसाठी तळ व प्रवाशांसाठी किल्लेवजा विश्रामगृह उभे राहिले. एका परवान्याची मुदत सरली आणि एका वाळवंटी गावाचे भाग्य बदलले.

कराचीस आलेले टपाल मुंबईपर्यंत आणण्याचे काम त्याच वर्षी हिंदी माणसाने अंगावर घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे चिमुकले विमान स्वतः चालवीत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर आणले, आणि त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट यांनी ते टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, त्याच उद्योगातून जन्मास आलेल्या ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’चे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टलेशन जातीचे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनकडे झेपावले. स्वतंत्र होऊन वर्षही न लोटलेल्या राष्ट्राने आपल्या स्वतःच्या नावाने युरोपपर्यंत वाट काढली, हा तो प्रसंग होता. चार पंख्यांचे हे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाई आणि वाटेत कैरो व जिनिव्हा येथे उतरे.

वाटेतील प्रत्येक मुक्काम म्हणजे खाली उतरणे, इंधन भरणे, तपासणी करणे आणि पुन्हा वर चढणे. त्यात वेळ तर जाईच, परंतु उतरण्याची प्रत्येक वेळ ही जोखमीचीही असे. हेच ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे येत असता माँ ब्लां पर्वतावर आदळले आणि त्यातील अठ्ठेचाळीसही जणांचा अंत झाला. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून दिल्ली, बैरूत व जिनिव्हा या मार्गाने लंडनला चाललेले ‘कांचनजंगा’ हे जेट विमान त्याच पर्वतावर नष्ट झाले. त्या ११७ मृतांमध्ये डॉ. होमी भाभा होते. या दोन्ही दुर्घटना जिनिव्हा येथे उतरण्याच्या तयारीत असताना घडल्या. आज मुंबईहून निघालेले विमान एकदाच उंच चढते आणि एकदाच लंडनला उतरते, हे केवळ सोयीचे झालेले नाही. मधले मुक्काम गळाल्याने वेळेबरोबर संकटाचे क्षणही कमी झाले.

१९६० साली बोइंग ७०७ हे जेट विमान या मार्गावर आले आणि वेग एकदम जवळपास दुप्पट, ताशी ९०० किलोमीटरांच्या घरात गेला. त्यानंतर साठांहून अधिक वर्षे लोटली, विमाने प्रचंड झाली, इंजिने मितव्ययी झाली, तरी प्रवासी विमानाचा वेग तेथेच राहिला आहे. याचे कारण ध्वनीच्या वेगात आहे. अकरा किलोमीटर उंचीवरील अतिशीत हवेत ध्वनी ताशी सुमारे १,०६० किलोमीटर वेगाने जातो, आणि विमान त्या वेगाच्या अगदी जवळ गेले की हवेचा अवरोध अकस्मात वाढून इंधनाचा खर्च झेपेनासा होतो. म्हणून ध्वनिवेगाच्या पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास राहणेच व्यवहार्य ठरते. ही मर्यादा ओलांडणारे ‘काँकॉर्ड’ १९७६ पासून २००३ पर्यंत उडाले. परंतु त्याचे अवाढव्य खर्च आणि जमिनीवर पोहोचणारा त्याचा गडगडाट यांमुळे ते मोजक्याच मार्गांपुरते राहिले. तेव्हा १९६० नंतर मुंबई-लंडन प्रवास जो काही आखूड झाला, तो वेग वाढल्यामुळे नव्हे, तर विमानाची मजल वाढून मधले मुक्काम गळाल्यामुळे. सुएझच्या कालव्याने जे समुद्रात केले, तेच दूर पल्ल्याच्या विमानांनी आकाशात केले.

वाऱ्याचा हिशेब

आता अंतराला वेगाने भागून पाहू. सुमारे ७,२०० किलोमीटरांना ताशी ९०० ने भागले की नेमके आठ तास येतात. परंतु मुंबईहून लंडनला जाणारा प्रवासी साडेनऊ-दहा तास बसून राहतो आणि लंडनहून मुंबईस येणारा साडेआठ-नऊ तासांत पोहोचतो. अंतर तेच, विमान तेच. मग जाण्यायेण्यात हा फरक का?

विमानाचा वेग हा भोवतालच्या हवेच्या संदर्भात मोजलेला असतो, आणि ती हवा स्वतः वाहत असते. भरल्या नदीत प्रवाहाबरोबर जाणारी आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी होडी एकाच जोराने वल्हवली तरी काठावरून पाहणाऱ्याला त्यांची चाल निराळी दिसते, तोच न्याय येथे लागू आहे. आपल्या उत्तर गोलार्धात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद व प्रबळ प्रवाह वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात आणि त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्याही वर जाऊ शकतो. जपानी शास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली. जगाला कळावे म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला, परंतु ती भाषा वाचणारे थोडेच असल्याने तो दुर्लक्षित राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानवर उंचावरून आलेल्या अमेरिकन विमानांना समोरचा वारा इतका जबर लागला की तेव्हा कोठे या प्रवाहांची जगाने गंभीर दखल घेतली.

हिशेब सोपा आहे. समोरून ताशी १०० किलोमीटरांचा वारा असेल तर ९०० चा वेग जमिनीच्या मापाने ८०० होतो आणि आठ तासांचे नऊ तास होतात. तोच वारा पाठीशी असेल तर वेग १,००० होऊन सव्वासात तासांच्या आत काम भागते. या दोहोंची बेरीज सोळा तासांहून किंचित अधिक भरते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे : वाऱ्याने जाताना घेतलेला वेळ तो येताना पूर्णपणे परत करीत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात मनुष्य अधिक काळ राहतो आणि अनुकूल वाऱ्यातून लवकर बाहेर पडतो. ऋतूचाही यात वाटा आहे. हिवाळ्यात पश्चिमी जेट प्रवाह जोर धरून उत्तर भारतावर येतो, आणि पावसाळ्यात तो हिमालयाच्या पलीकडे सरकतो. उलट पावसाळ्यात दक्षिण भारताच्या वर, अतिउंच थरांत, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा एक निराळाच प्रवाह स्थापन होतो, ज्याचे सविस्तर वर्णन पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली जगापुढे ठेवले.

या गणितात आणखी काही गोष्टी मिळवाव्या लागतात. तिकिटावरील अवधी विमान हवेत असते तेवढ्याच काळाचा नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या तळावर जागेवर स्थिर होईपर्यंतचा तो काळ असतो. मुंबईच्या धावपट्टीवरील रांग, चढण्या-उतरण्यातील मंद गती, लंडनच्या आकाशात उतरण्याच्या परवानगीसाठी घातलेल्या घिरट्या, हे सारे त्यात मोडते. म्हणूनच आठ तासांचे कागदी गणित प्रत्यक्षात कधीच उतरत नाही. आणि जो वेळ उरतो, त्यातला बराचसा आडवाटेने जाण्यात खर्च होतो.

आकाशातील हद्दी

भूमितीने दाखविलेली सरळ वाट आपण वर पाहिली. तिच्यावरील मुलखांची नावे पुन्हा मनात आणली की ती वाट का मोडते, हे वेगळे सांगावयास नको. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारनाम्याच्या पहिल्याच कलमात असे मान्य केले आहे, की प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सत्ता आहे. समुद्र किनाऱ्यापासून काही मैलांपलीकडे सर्वांचा असतो. जमिनीवरचे आकाश तसे नाही. जमिनीवर जेथे सरहद्द असते तेथेच ती आकाशातही उभी असते, आणि ती ओलांडण्यास मुभा लागते, जकातीसारखे शुल्क लागते आणि खालील राष्ट्राची मर्जी लागते.

ही मर्जी कशी फिरते, याची उदाहरणे या एकाच मार्गावर विपुल आहेत. शीतयुद्धाच्या काळात काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सोव्हिएत आकाश परकीयांस बहुतांशी बंद होते. सोव्हिएत संघ लयास गेल्यावर ते मोकळे झाले. परंतु २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि त्या दिवसापासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना पुन्हा मिटले. आपल्या शेजारी पाहावे तर २०१९ च्या फेब्रुवारीअखेर बालाकोटवरील भारतीय हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलै २०१९ रोजी पूर्णपणे खुले केले. आणि पहलगामच्या हत्याकांडानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी, भारतीय विमानांना ते पुन्हा मना करण्यात आले, तर थोड्याच दिवसांत भारतानेही पाकिस्तानी विमानांस आपली हद्द बंद केली. अशा वेळी दिल्लीहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानाला आधी दक्षिणेकडे गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत उतरून मग समुद्रावरून पश्चिमेची वाट धरावी लागते. मुंबईचे नशीब याबाबतीत बरे, की तिच्यापुढे अरबी समुद्र मोकळा आहे आणि ओमान व आखाताकडील मार्ग तिला तुलनेने जवळ पडतो; तरीही सौराष्ट्र-सिंध-बलुचिस्तान ही महावर्तुळाची सरळ वाट तिलाही सोडावीच लागते. पश्चिम आशियात युद्धाचा भडका उडाला की हा दुसरा मार्गही आकुंचन पावतो, आणि विमाने उरलेल्या अरुंद पट्ट्यांतून एकामागोमाग एक रांगेने जाऊ लागतात.

या वळशाची किंमत केवळ प्रवाशाच्या मिनिटांत मोजून भागणार नाही. विमान जितका वेळ अधिक उडेल तितके इंधन अधिक लागते, इंधन अधिक घ्यावयाचे म्हणजे माल किंवा प्रवासी कमी करावे लागतात, आणि जादा घेतलेल्या इंधनाचा भार वाहण्यासाठीही पुन्हा काही इंधन जळते. अखेरीस हा सारा खर्च भाड्यात रुजू होतो आणि हा सारा धूर वातावरणात जमा होतो. ज्या दोन राष्ट्रांचे भांडण आहे ती तर हा भार उचलतातच, परंतु ज्यांचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नाही असे विद्यार्थी, रुग्ण आणि लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आयासुद्धा त्यातला आपापला हिस्सा निमूटपणे भरीत असतात.

तिकिटावरील घड्याळ

आता एक व्यवहाराची गोष्ट. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावच्या घड्याळाची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावच्या घड्याळाची छापलेली असते. त्यामुळे नुसती वजाबाकी केली तर जाणारा प्रवासी हर्षभरित होतो आणि येणारा खिन्न. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशास चार मिनिटे. मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेस सुमारे पावणेत्र्याहत्तर अंशांवर आहे, म्हणून तिची खरी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे येते. हीच ‘मुंबई टाइम’ म्हणून या शहरात चालत असे, आणि १९०६ साली साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर आधारलेली साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ देशात लागू झाल्यावरही मुंबईकरांनी आपले घड्याळ १९५५ पर्यंत सोडले नाही. लंडनमध्ये मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात, म्हणून भारत आणि लंडन यांतील फरक हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तासांचा असतो.

समजा, उन्हाळ्यात एक विमान दुपारी एक वाजता मुंबईहून निघाले आणि त्याला साडेनऊ तास लागले. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतील, पण लंडनचे घड्याळ सायंकाळचे सहा दाखवील, आणि तिकीट पाहणाऱ्यास प्रवास पाचच तासांचा वाटेल. परतीचे विमान रात्री आठला लंडनहून निघून नऊ तासांत आले तर मुंबईत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतील, आणि प्रवास साडेतेरा तासांचा भासेल. दोन्ही प्रवासांचा मिळून खरा अवधी काढण्याची एक सोपी युक्ती आहे. जाण्याचे पाच आणि येण्याचे साडेतेरा हे दोन्ही भासमान आकडे मिळवावेत. साडेअठरा तास येतात, आणि साडेनऊ अधिक नऊ यांची बेरीजही तितकीच भरते. घड्याळांतील फरक एका बाजूस वजा होतो आणि दुसऱ्या बाजूस मिळतो, म्हणून बेरजेत तो नाहीसा होतो. दोन्ही प्रवास एकाच ऋतूत असले म्हणजे ही युक्ती जगातील कोणत्याही दोन शहरांना लागू पडते. शरीराचे घड्याळ मात्र अशा बेरीज-वजाबाकीने वळत नाही. पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो आणि वेळेआधी झोपणे हे उशिरा झोपण्याहून माणसाला कठीण जाते, म्हणून लंडनहून परतलेल्यास मुंबईत रुळावयास अधिक दिवस लागतात. वृद्ध प्रवाशांसाठी परतल्यावर दोन-तीन दिवस विश्रांतीचे राखून ठेवणे शहाणपणाचे होय.

पुढचा तास कोठून मिळेल?

गेल्या अडीचशे वर्षांत या दोन शहरांमधील अवधी कमी होत गेला तो कधी वाफेने, कधी कालव्याने, कधी जेट इंजिनाने, तर कधी दूर पल्ल्याच्या इंधनटाक्यांनी. यांपैकी वेग वाढविण्याची वाट ध्वनीच्या वेशीशी येऊन जवळजवळ थांबली आहे आणि मधले मुक्काम तर सारेच गळून गेले आहेत. वाऱ्यावर आपला अधिकार नाही आणि पृथ्वीचा आकार बदलण्याजोगा नाही. मग यापुढे वेळ वाचावयाचा तो कोठून? महावर्तुळ आणि प्रत्यक्ष मार्ग यांच्यामध्ये जी तफावत आज दिसते, तिच्यातूनच. आणि ती तफावत कोणत्याही कारखान्यात भरून निघणार नाही. ती भरून काढावयाची जागा म्हणजे राष्ट्राराष्ट्रांतील वाटाघाटींचे मेज होय.

राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी आकाश मिटणे कधी अपरिहार्य असते, आणि आक्रमणाला उत्तर देणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. परंतु बंदीची मुदत महिन्यामागून महिना वाढविली जाते तेव्हा तिची किंमत कोण भरतो, याचा हिशेब नागरिकांनी मागितला पाहिजे, आणि आपल्या तिकिटावरील अवधी वाचताना त्यात विमानाच्या वेगाबरोबर शेजारधर्माचीही मोजदाद आहे, हे ओळखले पाहिजे. एक सुज्ञ करार झाला तर एकही नवे यंत्र न लावता, एकही थेंब अधिक इंधन न जाळता, हजारो प्रवाशांचा वेळ एका रात्रीत वाचू शकतो. सुएझच्या वाळूत कालवा खणण्यास दहा वर्षे लागली होती. आकाशातील हा कालवा दोन सह्यांनी खुला होणारा आहे, आणि त्या सह्या व्हाव्यात म्हणून आग्रह धरणे हे त्या वाटेने जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या अशा आपणा सर्वांचे काम आहे.